आईची कमाई आणि मुलाची पोटगी

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)





मी वकील नाही. शिक्षणाने आणि पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आपल्या मदत केंद्रात मी रविवारी बसते. माझ्या वाट्याचं काम साधं आहे. पोटगीच्या अर्जासोबत उत्पन्न-खर्चाचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, ते भरायला मदत करायची, बँकेचे उतारे नीट लावायचे, आकडे जुळवायचे. कायद्याचा अर्थ आपल्या वकील ताई सांगतात, मी बेरीज-वजाबाकी करते. म्हणून तलाकच्या मोठ्या प्रश्नावर मी आज बोलणार नाही. त्यावर या चळवळीत माझ्या आधीच्या पिढ्या बोलल्या, लढल्या. मला एका लहान प्रश्नावर बोलायचं आहे, कारण तो टेबलापलीकडून पुन्हा पुन्हा येतो.

प्रश्न असा, "ताई, मी शिलाईचं काम धरलं तर पोरांची पोटगी बंद होईल का?" त्याचीच दुसरी रूपं आहेत. "लाडकी बहीणचे पैसे येतात, ते कागदावर दाखवायचे का?" "डबे करून पाच-सहा हजार मिळतात, ते साहेबांना कळलं तर?" कधी कधी समोर पुरुषही बसलेला असतो. तो विचारतो, "माझी कायमची नोकरी गेली. आता संध्याकाळी चार तास डिलिव्हरी करतो. मी कुठून देऊ?"

या प्रश्नांमागे भीती आहे आणि त्या भीतीची किंमत मुलं मोजतात. मिळालेलं काम पोटगीचा निकाल लागेपर्यंत नाकारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. निकाल लागायला दोन वर्षं गेली, तेवढ्यात कामही गेलं. काही जणी मजुरी रोख घेतात, बँकेत काही दिसू नये म्हणून. मग मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा कर्जासाठी उत्पन्नाचा कागद लागतो तेव्हा हातात काहीच नसतं. आणि उलटतपासणीत हे रोख उत्पन्न बाहेर आलं तर न्यायाधीशांचा तिच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

म्हणून मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. आईच्या अर्धवेळ कमाईने किंवा सरकारी अनुदानाने बापाची मुलाविषयीची जबाबदारी संपत नाही. काम सोडू नका आणि उत्पन्न लपवू नका. दोन्हींत तोटा आपलाच आहे, आणि तो आकड्यांनी दाखवता येतो.

आधी कायदा थोडक्यात पाहू. आपण ज्याला इतकी वर्षं 'एकशे पंचवीस' म्हणत आलो, ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. क्रमांक बदलला, गाभा तोच राहिला. पुरेशी साधनं असलेली व्यक्ती बायकोला, मुलांना किंवा आईवडिलांना सांभाळायला टाळाटाळ करत असेल तर न्यायालय दरमहा रक्कम ठरवून देतं. हे कलम धर्म विचारत नाही. या कलमात बायको आणि मूल यांचा उल्लेख वेगवेगळा आहे. बायकोचा हक्क एक आणि मुलाचा हक्क दुसरा. आपल्या चर्चेत हीच गोष्ट सगळ्यात आधी हरवते.

आपल्या समाजात पोटगी म्हटलं की शाहबानो आठवते. इंदूरच्या त्या बाईंना खालच्या न्यायालयाने महिना २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम केला. त्यावरून देशभर वादळ उठलं आणि १९८६ चा कायदा आला. त्या कायद्यात एक वाक्य असं होतं की तलाकनंतर आई मुलांना सांभाळत असेल तर मुलाच्या जन्मापासून दोन वर्षं तिला वाजवी रक्कम द्यावी. या वाक्याचा अर्थ पुष्कळांनी असा लावला की दोन वर्षांनंतर बाप मोकळा. आजही जमातीच्या बैठकीत हे मी ऐकते.

हा अर्थ चुकीचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली नूर सबा खातून खटल्यात स्पष्ट केलं. दोन वर्षांची ती तरतूद आईला मिळणाऱ्या रकमेची आहे. मुलाचा स्वतःचा हक्क त्याहून वेगळा आहे आणि १९८६ च्या कायद्याने त्याला धक्का लागलेला नाही. मुलगा सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत, आणि मुलीचं लग्न होईपर्यंत, साधनं असलेल्या मुस्लिम बापाला तो द्यावाच लागतो. त्यानंतर १० जुलै २०२४ च्या अब्दुल समद खटल्याच्या निकालाने तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीचा स्वतःचा हक्कही या कलमाखाली पुन्हा पक्का केला.

ज्यांना धर्माच्या बाजूने उत्तर हवं असतं त्यांना मी सूरह बकराची २३३ वी आयत वाचायला सांगते. मुलाला दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार तिथे बापावर, त्याच्या ऐपतीप्रमाणे टाकला आहे, आणि मुलामुळे आईचं किंवा बापाचं नुकसान होऊ नये असंही म्हटलं आहे. आपल्याकडे बहुसंख्य लोक हनफी आहेत. त्या परंपरेतही मुलाकडे स्वतःची मालमत्ता नसेल तर त्याचा खर्च बापावर आहे, आई पैसेवाली असली तरी. म्हणजे या एका मुद्द्यावर संविधान मानणारा आणि शरियत मानणारा एकाच बाकावर बसू शकतो. तरी आपण भांडत बसतो, कारण प्रश्न पैशाचा आहे आणि पैसे कोणालाच द्यायचे नसतात.

आता आईच्या कमाईकडे येऊ. ती न्यायालय अजिबात पाहत नाही असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. बायकोची स्वतःची पोटगी ठरवताना तिचं उत्पन्न विचारात घेतलं जातं. मात्र थोडीफार कमाई आहे म्हणून हक्क संपतो, असं नाही. चतुर्भुज विरुद्ध सीताबाई या २००८ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की स्वतःचं पोट भरू न शकणं म्हणजे भिकेला लागणं नव्हे. २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालाने हेच पुन्हा सांगितलं आणि मुलांसाठी वेगळा विचार मांडला. शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापाने करावा. आईची कमाई पुरेशी असेल तर दोघांनी तो उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून घ्यावा.

हे प्रमाण कसं असतं याचं उदाहरण २००० सालच्या पद्मजा शर्मा खटल्यात आहे. तो खटला हिंदू दांपत्याचा होता. आईबाप दोघेही नोकरीत होते, बापाचा पगार आईच्या साधारण दुप्पट होता. सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा खर्च दोनास एक असा वाटला. आईला पूर्ण पगाराची नोकरी असूनही मोठा वाटा बापाकडेच राहिला.

आता हेच गणित आपल्या वस्तीत आणू. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. न्यायालय ठरलेलं सूत्र वापरत नाही, प्रत्येक घराची परिस्थिती पाहतं. समजा बाप महिन्याला ३०,००० कमावतो. आई ब्लाउज-कुर्ते शिवून ६,००० मिळवते. मुलीचा खर्च, म्हणजे शाळा, रिक्षा, खाणं, औषध, भाड्यातला तिचा वाटा, मिळून ९,००० आहे. उत्पन्नाचं प्रमाण पाचास एक. म्हणजे बापाचा वाटा ७,५०० आणि आईचा १,५००.

आईने भीतीने शिलाई सोडली तर काय होईल? बापाचा वाटा फार तर ९,००० होईल. मुलीसाठी बापाकडून १,५०० वाढले आणि घरातून ६,००० गेले. महिन्याला साडेचार हजारांचा खड्डा पडला.

उलट आईने काम वाढवलं आणि ती १०,००० मिळवू लागली, तर प्रमाण तीनास एक होईल. बापाचा वाटा ६,७५० वर येईल. म्हणजे ७५० रुपये कमी झाले, पण आईची कमाई ४,००० ने वाढली. तिच्या स्वतःच्या पोटगीत थोडा फरक पडेल, तो वेगळा मांडावा. पण मुलीच्या रकान्यापुरतं बोलायचं तर काम केल्याने घर कधीच तोट्यात जात नाही. हे गणित मी कागदावर मांडून दाखवते तेव्हा समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसतो.

आणि या गणितात आईचे कष्ट धरलेलेच नाहीत. पहाटे उठून डबा, शाळेत सोडणं, ताप आला की रात्र जागणं, यासाठी तिने पूर्ण वेळाचं काम सोडलेलं असतं. अर्धवेळ काम ती हौसेने करत नाही, मूल सांभाळून जेवढं जमतं तेवढं करते. तिच्या ६,००० कडे बोट दाखवून "आता ती कमावते" म्हणणाऱ्याने विचारावं, उरलेले तास ती कोणासाठी देते?

दुसरा मुद्दा सरकारी अनुदानाचा. लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४ पासून पात्र स्त्रीला महिना १,५०० मिळतात. त्यात तलाक झालेल्या आणि टाकून दिलेल्या स्त्रियाही येतात. संजय गांधी निराधार योजना त्याहून जुनी आहे. तिच्या अटी नीट वाचा. ज्या घटस्फोटित स्त्रीला पोटगी मिळत नाही, किंवा योजनेच्या रकमेपेक्षा कमी मिळते, ती त्या योजनेसाठी पात्र धरली आहे. म्हणजे पोटगी नाही म्हणून सरकार अनुदान देतं. आता नवरा उठून म्हणतो, तिला अनुदान मिळतं म्हणून मी पोटगी देणार नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याला चक्राकार अवलंबन म्हणतात. अ हा ब वर टेकलेला आणि ब परत अ वर. असा प्रोग्रॅम चालतच नाही. हा युक्तिवादही चालू देऊ नये. अनुदान जनतेच्या पैशातून येतं. बापाने झटकलेली जबाबदारी जनतेच्या खिशातून भरून निघाली म्हणून बाप सुटत नाही.

तरीही अनुदान प्रतिज्ञापत्रात लिहा. बँकेच्या उताऱ्यात ते दिसणारच आहे. आणि पोटगी नियमित सुरू झाली की निराधार योजनेच्या बाबतीत तहसील कार्यालयात कळवा. आपण समोरच्याकडून खरेपणा मागतो, तर आपला कागदही खरा हवा.

या प्रश्नाला इतर देश कसं उत्तर देतात, हे मी सवयीप्रमाणे शोधलं. ब्रिटनमध्ये सरकारी चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस आहे आणि तिथे चक्क सूत्र आहे. पैसे देणाऱ्या पालकाचं करापूर्वीचं साप्ताहिक उत्पन्न २०० ते ८०० पौंड असेल तर मूळ दर एका मुलासाठी १२ टक्के, दोन मुलांसाठी १६ टक्के, तीन किंवा जास्त मुलांसाठी १९ टक्के. मूल त्याच्याकडे किती रात्री राहतं त्याप्रमाणे सूट मिळते. तो स्वतः सरकारी भत्त्यावर जगत असेल तरी साधारणपणे आठवड्याला ७ पौंड द्यावेच लागतात. ज्या पालकाकडे मूल राहतं तो किती कमावतो, हे सूत्रात येतच नाही. त्याला मिळणारी मुलाची पोटगी युनिव्हर्सल क्रेडिट या भत्त्यातून कापलीही जात नाही.

त्यांचं सगळं चांगलं आणि आपलं वाईट, असं मला म्हणायचं नाही. सूत्राला घराची अडचण दिसत नाही, आपल्या न्यायाधीशांना ती दिसू शकते. पण त्या सात पौंडांमागचा विचार घेण्यासारखा आहे. गरीब झाला तरी बाप हा बापच. रक्कम लहान होते, जबाबदारी शून्य होत नाही.

इथून मी भावांकडे वळते, कारण त्यांची बाजूही ऐकायला हवी. कारखाना बंद पडतो, आजार येतो, नोकरी जाते. अशा वेळी जुनी रक्कम झेपत नाही, हे खरं असतं. त्यासाठी कायद्यात वाट आहे. जुनं कलम १२७, आता १४६. परिस्थिती बदलल्याचे पुरावे घेऊन न्यायालयात जा आणि रक्कम बदलून मागा. तोवर जमेल तेवढं बँकेतून भरत राहा. पैसे बंद करून घरी बसलात तर थकबाकी वाढते. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो आणि तुरुंगात जाऊन आल्याने रक्कम फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ सालीच कुलदीप कौर खटल्यात सांगितलं आहे.

पण काही जणांचं उत्पन्न नोटीस आल्याच्या महिन्यातच नेमकं निम्मं होतं. दुकान भावाच्या नावावर जातं, टेम्पो मेहुण्याचा होतो, आणि धडधाकट माणूस कागदावर अर्धवेळ मजूर बनतो. अशांसाठी २०२२ चा अंजू गर्ग निकाल आहे. शरीराने सक्षम माणसाने कष्टाचं काम करून का होईना, बायको-मुलांना सांभाळलं पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. रजनीश निकालानंतर नवऱ्यालाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिथे आकडे बोलतात. पगार निम्मा झाला पण मोटारसायकलचा हप्ता तेवढाच जातो, डिलिव्हरीचे आठवड्याचे पैसे दुसऱ्या खात्यात येतात, हे उताऱ्यात दिसतं. खोटं प्रतिज्ञापत्र दिलं तर त्यासाठी वेगळी कारवाई होऊ शकते.

आता एक गोष्ट खास आपल्या घरची. खुला किंवा मुबारात होतो तेव्हा कागदावर एक ओळ हमखास असते, "मी व माझी मुले यापुढे कोणतीही रक्कम मागणार नाही." बाईला सुटका हवी असते, ती सही करते. मेहर सोडणं तिच्या हातात आहे, तो तिचा हक्क आहे. मुलाची पोटगी सोडणं तिच्या हातात नाही, कारण ती तिची नाहीच. मूल सहीला बसलेलं नसतं. अशी सही झालेली असली तरी मुलाच्या वतीने अर्ज करता येतो. पुढे आईने दुसरा निकाह केला तरीही मुलाचा सख्ख्या बापावरचा हक्क राहतो. काझीसाहेबांना आणि जमातीच्या पंचांना आपण भेटून विनंती करायला हवी की ही ओळ नमुन्यातून काढून टाका आणि तिच्या जागी मुलाची रक्कम, ती कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात येईल आणि दरवर्षी किती वाढेल, हे लिहा.

शेवटी कार्यकर्त्यांसाठी कामाच्या चार गोष्टी.

पहिली, अर्जात आईची आणि प्रत्येक मुलाची रक्कम वेगवेगळी मागा. एकच गोळा आकडा मागितला की आईच्या उत्पन्नामुळे होणारी कपात मुलाच्या ताटातूनही होते.

दुसरी, मुलाच्या खर्चाची वही ठेवायला लावा. फी पावती, रिक्षा, दवाखाना, वह्या-पुस्तकं. तीन महिन्यांची नीट वही असली की तोंडी दाव्यापेक्षा तिचं वजन जास्त पडतं.

तिसरी, उशीर करू नका. पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे अर्जाआधीचे महिने हातचे जातात. अंतरिम पोटगी लगेच मागा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तिचा निकाल व्हावा असं कायदा म्हणतो. आणि थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करा.

चौथी, वकिलाच्या फीला घाबरून कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिथे आपल्यापैकी कोणीतरी सोबत गेलं तर बाई परत फिरत नाही.

मित्रहो, १९६६ साली हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम स्त्रिया विधानभवनावर चालत गेल्या. त्यांच्या मागण्या मोठ्या होत्या आणि त्यातल्या काही पूर्ण व्हायला अर्धं शतक लागलं. मी मांडलेल्या गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. कायदा आहे, निकाल आहेत, मोफत वकील आहे. आपल्या प्रत्येक केंद्रात गणित जाणणारा एक माणूस आणि एक कोरी वही एवढंच कमी आहे. या शिबिरातून परत जाताना प्रत्येक तालुक्याने असं एक नाव माझ्याकडे द्यावं. प्रतिज्ञापत्र कसं भरायचं ते शिकवायला मी कोणत्याही रविवारी येईन.